गिरणीवाल्या घरातला पहिला लॅपटॉप: जुना की नवा?

१३ मे २०२५ ला दहावीचा निकाल लागला आणि त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. भाचीला ८९ टक्के. आनंदाचं बोलून झाल्यावर ताई म्हणाली, "आता हिला लॅपटॉप लागंल म्हणते. तीस हजारापर्यंत जमवू म्हणालेत तुझे दाजी. कुठला घ्यायचा तेवढं सांग."

मी कराडमधल्या एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत १६ वर्षं सहायक आहे. नात्यागोत्यात कुणाला संगणक घ्यायचा झाला की फोन मला येतो, आणि एरवी मी उभ्या उभ्या एखादं नाव सांगून मोकळा होतो. या वेळी तसं करवेना. भाची विज्ञान शाखेला जाणार होती, बायफोकलला, म्हणजे जोडीच्या व्यावसायिक विषयाला, कॉम्प्युटर सायन्स. दोन वर्षं ही, आणि इंजिनिअरिंगला गेली तर पुढे आणखी चार. दाजींची गावात पिठाची गिरणी आहे, जोडीला अर्धा एकर ऊस. त्या घरात लॅपटॉप एकदाच येणार होता. निवड चुकली असती तर ती निस्तरायला दुसरे तीस हजार घरात नव्हते.

म्हणून मी या कामाला महिनाभर दिला. दर मे-जूनमध्ये हाच प्रश्न घेऊन पालक प्रयोगशाळेच्या दारात येतात. त्यांना तोंडी सांगताना बरंच निसटतं. ते सगळं इथे लिहून ठेवतो आहे, आकड्यांसकट आणि माझ्या हातून झालेल्या चुकीसकट.

आधी काम मोजलं

गाव कराडपासून १४ किलोमीटर. घर पत्र्याचं, गिरणीला लागूनच. पावसाळ्यात संध्याकाळी वीज गेली की दोन-दोन, तीन-तीन तास येत नाही. इंटरनेट म्हणजे ताईच्या मोबाइलचं हॉटस्पॉट. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, तो अर्जही त्यांनी मोबाइलवरच भरला होता. महाविद्यालयांचा पसंतीक्रम तळहाताएवढ्या स्क्रीनवर वरखाली सरकवत मायलेकी दोन रात्री बसल्या होत्या.

दुकानात जाण्याआधी मी माझा स्वतःचा लॅपटॉप आठ दिवस भाचीकडे ठेवला. त्यात १६ जीबी रॅम आहे, म्हणजे चालू कामं मांडून ठेवायची यंत्राची मेमरी. तिला म्हटलं, "तुला जे करायचंय ते कर. अभ्यास कर, गाणी लाव, काहीही. फक्त रोज सगळ्यात जास्त काम चाललेलं असेल तेव्हा टास्क मॅनेजर, म्हणजे यंत्रावरचा भार दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून मेमरीचा आकडा वहीत लिही."

तिने मन लावून लिहिला. कमीत कमी ५.८ जीबी, जास्तीत जास्त ९.१. आठांपैकी तीन दिवस आकडा ८ च्या वर गेला होता. त्यात वावगं काहीच नव्हतं: बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ, शेजारी भौतिकशास्त्राचा व्हिडिओ, ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, आणि सी++ शिकायला घेतलेला एक साधा एडिटर. आजची पोरं असाच अभ्यास करतात. ८ जीबीच्या यंत्रावर हे सगळं बंद पडत नाही. विंडोज मेमरीतला माल एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवायच्या डिस्कवर, उतरवत आणि परत चढवत राहतं, आणि समोर बसलेलं मूल म्हणतं, "हँग होतंय."

कॉम्प्युटर सायन्सचा अभ्यासक्रम बघितला तर त्यात सी++, एचटीएमएल, डेटा स्ट्रक्चर्स, ८०८५ मायक्रोप्रोसेसर. यातल्या कशालाही ताकदवान यंत्र लागत नाही. पंधरा वर्षं जुना संगणक सी++ चा प्रोग्राम आरामात चालवतो. भार आहे तो ब्राउझरचा. दुसरी गोष्ट डोळ्यांची. एमएचटी-सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची परीक्षा, संगणकावर होते, तीन तास, १५० प्रश्न. तिचा सराव करायचा तर तीन तास स्क्रीनकडे बघवलं पाहिजे. म्हणजे या मुलीसाठी स्क्रीन, रॅम, कीबोर्ड आणि वीज नसताना टिकणारी बॅटरी, एवढ्यांचा विचार प्रोसेसरच्या आधी करायला हवा होता. दुकानात हा क्रम बरोबर उलटा असतो. तिथे पहिलं वाक्य प्रोसेसरचं आणि दुसरं सोबत फुकट मिळणाऱ्या बॅगेचं.

चार यंत्रं

शोधता शोधता चार यंत्रं उरली, दोन नवी आणि दोन जुनी.

पहिला नवा, सेलेरॉन एन४५०० प्रोसेसरचा: ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, १५.६ इंची स्क्रीन, एक वर्षाची वॉरंटी, साधारण २५,००० रुपये. दुसरा नवा, रायझन ३ ७३२०यू प्रोसेसरचा: ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, फुल एचडी स्क्रीन, साधारण ३३,०००. जुन्यांमध्ये लेनोवो कंपनीचे थिंकपॅड टी४७० आणि थिंकपॅड टी४८०. कंपन्यांनी तीन-चार वर्षं भाड्याने वापरून परत केलेले हे लॅपटॉप साफसूफ होऊन पुण्यातल्या रिफर्बिश्डच्या दुकानांत येतात. टी४७० तेव्हा १४,००० च्या आसपास मिळत होता. टी४८० रॅम आणि स्क्रीनप्रमाणे १८ ते २२ हजारांत.

आता या यंत्रांच्या आत काय आहे ते बघू, कारण "नवा" या शब्दाने इथे फार घोळ होतो. सेलेरॉन एन४५०० ही चिप २०२१ च्या सुरुवातीची. दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), दोनच थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), सहा वॉटची. टी४८० मधली कोअर आय५-८३५०यू ही २०१७ ची, पण चार कोअर, आठ थ्रेड, पंधरा वॉटची. खोकं कोरं करकरीत असलं तरी आतला बैल लहान होता.

रायझनचं प्रकरण आणखी शिकवणारं. ७३२० यातला पहिला आकडा वर्षाचा, ७ म्हणजे २०२३. आतली रचना कुठल्या काळातली, हे तिसरा आकडा सांगतो. इथे तो २ आहे, म्हणजे झेन २, आणि झेन २ बाजारात आली २०१९ मध्ये. तरीही ही चिप चांगली आहे. चार कोअर, आठ थ्रेड, आणि एका वेळी एकच काम करताना ती आय५-८३५०यू च्या थोडी पुढेच जाते. चौघांत माझ्या मनात खरी भरली होती ती हीच. अडचण दोन ठिकाणी होती. रॅम ८ जीबी आणि ती मदरबोर्डला डाग देऊन जोडलेली, पुढे कधीच वाढणार नाही. आणि तीन हजार बजेटच्या वर, जे ताई बचतगटातून उचलायला तयार होती. हाच लॅपटॉप १६ जीबीसकट तीस हजारांत मिळाला असता तर मी क्षणभरही थांबलो नसतो, आणि हे प्रकरण लिहायची वेळही आली नसती.

सातवी पिढी आणि आठवी पिढी

टी४७० आणि टी४८० शेजारी ठेवले तर अनोळखी माणसाला फरक सांगता येणार नाही. तोच काळा रंग, तोच कीबोर्ड, तोच मधला लाल ठिपका. किमतीत चार ते आठ हजारांचा फरक. बहुतेक पालक इथेच स्वस्ताकडे वळतात, आणि माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं याच जागी आहे.

टी४७० मध्ये इंटेलच्या प्रोसेसरची सहावी किंवा सातवी पिढी असते, टी४८० मध्ये बहुधा आठवी. या एका पायरीवर दोन गोष्टी घडल्या. सातव्या पिढीपर्यंत पंधरा वॉटच्या आय५ मध्ये दोन कोअर असत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये आठवी पिढी आली आणि तेवढ्याच विजेत चार कोअर मिळू लागले. लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये एका वर्षात एवढी उडी मी त्याआधी पाहिली नव्हती. दुसरी गोष्ट विंडोज ११. मायक्रोसॉफ्टने ते २०२१ मध्ये आणलं तेव्हा इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, अशी अट घातली; सातव्या पिढीतले अगदी मोजके अपवाद सोडले तर बाकी सगळे बाहेर राहिले. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे जाहीर झालेलं होतं. म्हणजे जूनमध्ये घेतलेला टी४७० दिवाळीच्या तोंडावर जुन्या विंडोजवर अडकणार.

दुकानदार म्हणाला, "अकरा टाकून देतो की. चालतंय मस्त." चालतं, हे खरं. अट चुकवून विंडोज ११ घालता येतं. पण तशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या घरात ताईचं बँकेचं कामही याच लॅपटॉपवर होणार, तिथे मला ते नको होतं. टी४७० तिथेच बाद झाला. नुसतं इंटरनेट आणि टायपिंग करायचं असेल आणि विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली घालून देणारं कुणी घरात असेल, तर तेव्हाच्या चौदा हजारांत ते उत्तम यंत्र होतं. या घरात परीक्षेची आणि महाविद्यालयाची सॉफ्टवेअरं विंडोजवर चालवायची होती.

दुकानात चार तास

जूनच्या दुसऱ्या रविवारी मी, दाजी आणि भाची पहाटेच्या एसटीने पुण्याला गेलो. आधी नव्याच्या दुकानात. सेलेरॉनवाला लॅपटॉप डेमोला लावलेला होता. भाचीच्या वहीतलं नेहमीचं काम मी त्यावर उघडलं: पीडीएफ, व्हिडिओ, दहा टॅब. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन बसला आणि व्हिडिओ अडखळायला लागला. एकेक गोष्ट वेगवेगळी उघडली की सगळं नीट. स्क्रीन मोठी, पण १३६६ बाय ७६८ पिक्सेलची, आणि डोकं जरा खाली केलं की रंग उलटे दिसत. त्याच्या बाजूने बोलण्यासारखंही होतं. वजनाला हलका, बॅटरी कोरी, आत पंखाच नसल्यामुळे आवाज शून्य. भाचीला तो दिसायला फार आवडला. चंदेरी आणि बारीक.

मग रिफर्बिश्डच्या दुकानात. तिथे नावावर विश्वास ठेवून चालत नाही, कारण एकाच मॉडेलचे पाच नग पाच जन्म जगून आलेले असतात. टी४८० मध्येही सगळ्या स्क्रीन सारख्या नसतात. पहिला जो दाखवला त्याला तीच १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन होती. फुल एचडी आयपीएस, म्हणजे कुठूनही रंग नीट दिसणाऱ्या, स्क्रीनवाला दोन हजारांनी महाग. १४ इंचांवर पुस्तकाचं पान आणि शेजारी वहीची फाइल एकत्र वाचता येणं हा त्या दोन हजारांचा मोबदला. मी तिथे घासाघीस केली नाही.

दुसरा नग दिसायला सुरेख. विंडोज नव्याने घालून इंटरनेटला जोडला, तर सुरुवातीलाच कुठल्याशा कंपनीच्या ईमेलने लॉगिन करा म्हणाला. त्याचा अर्थ ते यंत्र त्या कंपनीच्या यादीत अजून नोंदलेलं होतं. आज दुकानदार कसंबसं चालू करून देईल, पण पुढे कधी विंडोज नव्याने घालायची वेळ आली की तीच पाटी परत उभी राहणार. कंपन्यांचे जुने लॅपटॉप घेताना हा धोका फार थोड्यांना माहीत असतो. विक्रेता विंडोज घालून तयार ठेवतो आणि आपण वर वर बघून घरी नेतो. आपल्यासमोर विंडोज रीसेट करायला लावायचं आणि वाय-फाय जोडून पहिल्या पडद्यापासून पुढे जायचं. अर्धा तास जातो, तो जाऊ द्यावा. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रोग्रामला, पासवर्ड आहे का, हेही याच वेळी बघायचं, कारण तो असला तर तो नंतर काढणं हे मदरबोर्डचं काम होऊन बसतं.

तिसरा नग आम्ही घेतला. बायोस उघडं. खालच्या स्टिकरवरचा अनुक्रमांक आणि बायोसमधला अनुक्रमांक एकच. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये एसएसडीची तब्येत ९६ टक्के. दोन्ही टाइप-सी पोर्टवर चार्जर लावून बघितला, कारण त्या काळातल्या थिंकपॅडच्या थंडरबोल्ट, म्हणजे वेगवान टाइप-सी, पोर्टसाठी लेनोवोने नंतर फर्मवेअरची, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रामची, सुधारणा दिली होती आणि ती टाकलेली आहे की नाही हे महत्त्वाचं असतं. बिजागऱ्या घट्ट. कीबोर्डची प्रत्येक कळ भाचीने दाबून बघितली. एन्टर चकचकीत झालेला, म्हणजे आधीच्या माणसाने भरपूर काम केलेलं. बॅटरीचा अहवाल काढला. तिथे मी चुकलो, ते पुढे सांगतो.

दाजींचा प्रश्न

दाजी सकाळपासून गप्प होते. टी४८० वर आमचं एकमत होतंय असं दिसल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणं, एक बोलू का? पोरीला पहिल्यांदाच काहीतरी मोठं घेतोय. ती पण दुसऱ्याची वापरलेली वस्तू? कॉलेजात पोरी काय म्हणतील तिला?"

या बोलण्याला माझ्याकडे आकड्यांतलं उत्तर नव्हतं, आणि द्यायला गेलो असतो तर ते चुकीचंच ठरलं असतं. तीस हजार उभे करणाऱ्या बापाला आपल्या लेकीच्या हातात कोरं खोकं द्यावंसं वाटणं यात चूक काय? मी एवढंच म्हणालो, "दाजी, तुम्ही स्वतः बघा. तुम्हाला नको वाटलं तर नको."

त्यांनी दुकानदाराला विचारलं, "हे उघडतंय का?"

त्याने स्क्रू सैल केले आणि पाठीचं झाकण काढलं. दाजी वाकून बघायला लागले. मागची बॅटरी दोन खटके सरकवले की बाहेर येते. रॅमचे दोन खण, दोन्ही पट्ट्या निघतात. एसएसडी निघते. पंखा निघतो. कीबोर्डवर पाणी सांडलं तर ते खाली निघून जायला भोकं आहेत. दाजी एकेका गोष्टीवर बोट ठेवून विचारत गेले: "हे गेलं तर?" प्रत्येकाला उत्तर होतं, किंमत होती, आणि यातलं बहुतेक कराडात मिळतं हे मला माहीत होतं. मग ते म्हणाले, "मघाचं नवं मशीन असं उघडून दाखवतील का?" नव्याच्या दुकानात ते शक्य नव्हतं, आणि उघडलं असतं तरी रॅम बोर्डाला चिकटलेली दिसली असती. वॉरंटीच्या वर्षात त्याला काही झालं तर सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला किंवा पुण्याला. वर्षानंतर बोर्ड गेला तर खर्च निम्म्या किमतीच्या घरात.

दाजींनी झाकण परत लावलेलं बघितलं आणि म्हणाले, "माझी दहा हॉर्सपॉवरची मोटर दोनदा रिवाइंड केलीया. तिसऱ्यांदा पण हुईल. हे घ्या."

भाचीची समजूत एवढ्यात पटली नव्हती. "मामा, हा काळा ठोकळा आहे रे," ती म्हणाली. खरंच होता. मी तिला टायपिंग करायला बसवलं. तिने बाराखडीपासून सुरुवात केली आणि दहा मिनिटांनी म्हणाली, "कळा मात्र भारी आहेत." तिला चंदेरीच हवा होता, आणि वर्षभराने विचारलं तरी ती हेच सांगते. मी ते लपवत नाही.

आय५-८३५०यू, ८-८ च्या दोन पट्ट्यांची १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, फुल एचडी स्क्रीन: २१,५०० रुपये, जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर अनुक्रमांक, सहा महिन्यांची दुकानाची हमी. बॅग ७००, विजेच्या झटक्यापासून वाचवणारा एक्स्टेन्शन बोर्ड ६००, अभ्यासाच्या फाइलींची दुसरी प्रत ठेवायला पेनड्राइव्ह ५००. तीस हजारांतले ६,७०० उरले. ते ताईने वेगळे ठेवले, फक्त लॅपटॉपसाठी. जुनं यंत्र घेताना हा वेगळा ठेवलेला पैसा किमतीचाच भाग समजावा असं माझं ठाम मत आहे. तो नसेल तर जुनं घेऊ नये.

बॅटरी

टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात. एक आतली, २४ वॉट-तासांची, आणि एक मागची, काढता येणारी. दुकानात मी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला होता. मागची मूळ क्षमता ४८, सध्याची ४३, चार्जिंगची आवर्तनं चाळीसच्या आसपास. मी खूश झालो. सात वर्षांच्या यंत्राची बॅटरी एवढी ताजी कशी, हा प्रश्न मला त्या क्षणी पडायला हवा होता आणि तो पडला नाही.

तिसऱ्या आठवड्यात भाचीचा फोन. "मामा, मागची बॅटरी अडतीस टक्क्यांवरनं एकदम शून्यावर गेली." आतली बॅटरी होती म्हणून लॅपटॉप बंद पडला नाही, एवढंच. जुलै संपेपर्यंत मागची जेमतेम ३५ मिनिटं चालायला लागली. मी उघडून नीट बघितली तर ती मूळ बॅटरी नव्हतीच. दुसऱ्या कुणीतरी भरलेली होती. रिपोर्टमधले आकडे बॅटरीच्याच आतली छोटी चिप पुरवते, आणि ती सांगेल तेच विंडोज छापतं. दुकानदाराला फोन केला. तो गोड बोलला आणि त्याने बिलावरची ओळ वाचून दाखवली: हमी बॅटरी व अ‍ॅडॉप्टर सोडून. ती ओळ मी सही करताना वाचली नव्हती.

चूक माझी. आता कुणाबरोबर गेलो तर मी रिपोर्ट बघतो, पण त्यावर थांबत नाही. चार्जर काढून, उजेड पूर्ण वाढवून पाऊण तास व्हिडिओ चालू ठेवतो आणि टक्के कसे उतरतात ते बघतो. सरळ उतरत असतील तर ठीक. मध्येच दहा-पंधरांची उडी मारत असतील तर नवी बॅटरी घ्यायची आहे असं धरून किंमत ठरवतो. आणि जुन्या यंत्रात नव्यासारखे आकडे दिसले की सावध होतो.

वेगळ्या ठेवलेल्या पैशांतून २,९०० ची नवी बॅटरी मागवली. कुरिअरने आली, भाचीने स्वतः खटके सरकवून बसवली. तिचा लॅपटॉप एक दिवसही घराबाहेर गेला नाही. आता दोन्ही मिळून पाच तास जातात. वीज गेलेली संध्याकाळ त्यात निघते.

वर्षभराने

विंडोज ११ पहिल्याच दिवशी घातलं होतं, त्यामुळे ऑक्टोबर आला आणि गेला तरी काही बदललं नाही. त्याच सुमाराला रॅमचे भाव चढायला लागले आणि वर्ष संपता संपता चांगलेच कडाडले. "आत्ता आठ घेऊ, पुढे वाढवू" असं ठरवलेल्या दोन पालकांना मी तेव्हा काही मदत करू शकलो नाही. रॅम वाढवता येणं चांगलं, पण लागणार हे माहीत असेल तर पहिल्याच दिवशी घ्यावी.

एक गोष्ट मात्र मी हिशोबात धरलीच नव्हती. डिसेंबरमध्ये लॅपटॉप तापायला लागला, पंखा घोंघावायला लागला. झाकण उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर आणि पुढच्या जाळीवर पिठाचा थर. गिरणी घराला लागून, भाचीचं टेबल गिरणीच्या बाजूच्या खिडकीपाशी. पंखा दिवसभर पीठच ओढत होता. ते जाळीवर घट्ट बसलं होतं. मऊ ब्रशने साफ केलं आणि तासाभरात सगळं पूर्ववत झालं. टेबल दुसऱ्या खोलीत हलवलं. या एका बाबतीत तो बिनपंख्याचा सेलेरॉनवाला त्या घराला जास्त मानवला असता, हे मला मान्य करावं लागतं. घराचा धंदा काय आहे हे मी रोज बघत होतो आणि तरी यंत्र निवडताना ते माझ्या डोक्यात आलं नाही. लाकडाची वखार, बेकरी, पिंजारी, गिरणी, अशा कुणाच्या घरी लॅपटॉप जाणार असेल तर हा प्रश्न आधी विचारावा.

आता दर दोन महिन्यांनी भाची स्वतःच झाकण उघडते. पहिल्या वेळी मी शेजारी बसलो होतो, दुसऱ्या वेळेपासून गरज लागली नाही. रॅमची पट्टी कशी निघते, एसएसडी कुठे बसते हे तिने बोटांनी शिकून घेतलं आहे, आणि ८०८५ च्या आकृत्या काढताना ती ते आठवते असं तिने मला सांगितलं. हा फायदा मी कुठल्याच तक्त्यात मांडला नव्हता, पण मला त्याचा फार आनंद आहे.

खर्च आतापर्यंत २६,२०० रुपये. ३,८०० अजून ताईच्या डब्यात.

जानेवारीत भाचीच्या वर्गातल्या एका मुलीची आई मला भेटायला प्रयोगशाळेत आली. घर पाटणच्याही पुढे, वडील एसटीत वाहक, मुलगी कराडला खोली घेऊन राहते आणि बारावीनंतर मुंबईला मावशीकडे जायचं म्हणते. बजेट ३५,०००. भाचीसारखाच काळा लॅपटॉप पाहिजे, असं मुलीने आईला सांगितलं होतं. मी सगळं विचारून घेतलं. घरात किंवा ओळखीत यंत्र उघडणारं कुणी नाही. बिघडलं तर कुणाकडे जायचं हे त्यांना माहीत नाही, आणि दीड वर्षांनी तर गावच बदलणार. मी त्यांना नवा घ्यायला सांगितलं, रायझनवाला, आणि उरलेल्या पैशांत वॉरंटी आणखी दोन वर्षं वाढवून घ्यायला सांगितली. ८ जीबीवर त्या मुलीला टॅब कमी उघडावे लागतील, तेही स्पष्ट सांगितलं.

बाईंनी कागदावर सगळं लिहून घेतलं आणि मग जरा संकोचाने विचारलं, "दादा, मग तुमच्या भाचीला जुना कसा काय घेऊन दिला तुम्ही?"

"ताई, मी तिच्यापासून चौदा किलोमीटरवर राहतो," मी म्हणालो.